आजीच्या वहीतली ‘सुई’ म्हणजे कोणता पक्षी?

ओढ्याकाठची

माझी आजी गेल्या वर्षी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी वारली, आणि तिच्या सामानातून माझ्या वाट्याला तिची एक जाड वही आली. तीत १९८९ पासून २०११ पर्यंत तिने पाहिलेल्या आणि ऐकलेल्या रानपाखरांच्या नोंदी आहेत. आजीकडे दुर्बीण नव्हती, पक्ष्यांचे पुस्तक नव्हते, आणि पुस्तकातली नावे समजून घ्यावीत अशी निकडही तिला कधी वाटली नसावी. घरामागच्या ओढ्याकाठी एका सपाट दगडावर ती रोज सकाळी तासभर बसे, आणि पाखरू जसे दिसे किंवा जसे ऐकू येई त्यावरून त्याला नाव देई. मी लहानपणी पुष्कळ वेळा तिच्या शेजारी बसले आहे, पण तेव्हा मला पाखरांपेक्षा पाण्यातले रंगीत खडे अधिक आवडत, याची आता फार हळहळ वाटते.

काही नावे मी लावली आहेत. ‘घणवाला’ म्हणजे तांबट असावा, कारण पुढे ‘एका दमात १४३ ठोके’ असे लिहिले आहे. ‘भांडकुदळ मंडळी’ म्हणजे सातभाई, आणि ‘काळा कोट, पांढरी पट्टी, शेपटी वर’ म्हणजे दयाळ. ‘चष्म्याची कुजबुज’ म्हणजे डोळ्यांभोवती पांढरे कडे असलेला चष्मेवाला. मात्र ‘चढत जाणारा’, ‘विहिरीतला आवाज’, ‘रात्री गोटी पडली’ आणि ‘सुई’ या चार नावांवर मी अडले आहे.

यांतली ‘सुई’ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १९८९ पासून २००२ पर्यंत ती जवळजवळ दर आठवड्याला येते, आणि पुष्कळदा नोंद एवढीच असते: ‘सुई. मग निळा दोरा.’ आजी शिवणकाम करीत असे, म्हणून आरंभी मला वाटले की शिवणाच्या सामानाची टिपणे चुकून या वहीत शिरली आहेत. पण जून २००३ मध्ये तिने लिहिले आहे: ‘सुई गेली. तीन महिने वाट पाहिली.’ दुसऱ्या कोणत्याही पाखराबद्दल तिने असे लिहिलेले नाही, आणि त्यानंतर ‘सुई’ हा शब्द वहीत पुन्हा येत नाही.

हा कोणता पक्षी असेल आणि तो का गेला असेल, हे जाणकारांनी सांगावे. ज्यांना आपल्या आजीने पाखरांची ओढ लावली त्यांनी आपल्या आठवणीही लिहाव्यात, मला त्या वाचायच्या आहेत.

पानगळ

‘चढत जाणारा’ हा निश्चितपणे पावशा आहे. त्याची तीच ती हाक प्रत्येक वेळी थोड्या वरच्या पट्टीत जाते, आता याचा गळा फाटेल असे वाटू लागते, आणि नेमकी तेव्हाच ती तुटते. काही वेळाने पुन्हा खालून सुरुवात होते. ‘विहिरीतला आवाज’ हा भारद्वाज असावा. त्याचा ऊप-ऊप-ऊप असा खोल घुमणारा आवाज खरोखरच एखाद्या विहिरीच्या तळातून आल्यासारखा वाटतो. तुमच्या आजींचा कान फार चांगला होता.

रानवाट

‘सुई’ म्हणजे शिंपी पक्षी, यात मला काही शंका वाटत नाही. तो जिवंत पानांच्या कडांना चोचीने भोके पाडतो, त्यांतून वनस्पतींचे तंतू किंवा कोळ्याच्या जाळ्याचे धागे ओवतो आणि पान शिवून त्याच्या आत घरटे करतो. शिवणकाम करणाऱ्या बाईला त्याच्यासाठी याहून योग्य नाव सुचणार नाही.

निरीक्षक

रानवाट यांचा तर्क सुंदर आहे, पण मला तो पटत नाही. शिंपी वरून हिरवट आणि डोक्यावर तांबूस असतो, त्यात निळे काहीच नाही. शिवाय त्याचा आवाज त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठा आणि ठसठशीत असतो, त्याला सुईची उपमा कोणी देणार नाही. मला शिंजीर अधिक जवळचा वाटतो. विणीच्या काळात जांभळ्या शिंजिराचा नर उन्हात निळसर झळकतो आणि त्याचा आवाजही बारीक असतो.

तांबटाबद्दल एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. तो मिनिटाला साधारण शंभर ते एकशेवीस ठोके देतो. म्हणजे १४३ ठोके मोजताना तुमच्या आजी मिनिटाहून अधिक काळ दुसरा कोणताही विचार मनात न आणता बसल्या होत्या. इतक्या एकाग्रतेने केलेल्या नोंदी मी फार थोड्या पाहिल्या आहेत.

चंद्रकोर

‘रात्री गोटी पडली’ म्हणजे रातवा! फरशीवर गोटी सोडली तर ती आधी सावकाश आणि मग भराभर उड्या घेत थांबते, तसाच त्याचा चक-चक-चक-चकर्रर्र असा आवाज असतो. तो दिवसभर पाचोळ्यात पाचोळ्यासारखाच पडून राहतो, त्यामुळे बहुतेकांना तो ऐकूनच ठाऊक असतो.

माझी आजी मला अंगणात डोळे मिटून बसायला सांगे. पाखरू कोणत्या दिशेला आहे ते बोटाने दाखवायचे, मग डोळे उघडून पाहायचे, आणि बोट चुकले तर पुन्हा डोळे मिटायचे. तिला पाखरांची नावे फार येत नव्हती, पण कोणता आवाज मांजर आल्याचा, कोणता शिकरा आल्याचा आणि कोणता पिलांच्या भुकेचा, हे ती घरात काम करता करता सांगत असे. दयाळ आणि बुलबुल एकाच वेळी चिडून ओरडू लागले की ती म्हणे, “जा, झुडपाखाली पाहा,” आणि तिथे काहीतरी सरपटताना दिसेच. आज माझ्याजवळ चांगली दुर्बीण आहे, तरीही मी आधी ऐकते आणि मग पाहते. ती गेली त्याला अठरा वर्षे झाली, पण झुडपात असा गलका झाला की मला अजून तिचा आवाज आठवतो.

मोरपीस

मी थोडे वेगळे मत मांडते, कृपया राग मानू नये. ही नावे लावण्याचा आपला सगळा उद्योग मला काहीसा दुःखद वाटतो आहे. ‘रात्री गोटी पडली’ या नावात त्या आजींचे सबंध रात्रीचे जागरण आहे, ‘रातवा’ या शब्दात ते नाही. उद्या वहीच्या कडेला ‘शिंजीर’ असे लिहिले की ‘सुई’ हळूहळू पुसली जाईल. ती नावे कोणत्या पक्ष्याची आहेत हे न कळताच ती जपून ठेवता येणार नाहीत का?

निरीक्षक

मोरपीस, तुमची भावना मला समजते. तरीही जे नाव एकाच माणसाला ठाऊक असते ते त्या माणसाबरोबर संपते. ‘सुई’ म्हणजे अमुक पक्षी एवढे कळले, तर धागाकर्त्या तो पक्षी दिसताच आजीच्या नावाने त्याला हाक मारू शकतील. आज त्यांच्याजवळ नाव आहे आणि पाखरू नाही.

दूरदेशी

निरीक्षक यांच्या म्हणण्यावरून ऑस्ट्रेलियातला रीजंट हनीईटर हा काळा-पिवळा पक्षी आठवला. त्याच्या नराला गाणे उपजत येत नाही, ते त्याला वडीलधाऱ्या नरांकडून ऐकून शिकावे लागते. जंगले तुटल्याने ही जात इतकी विरळ झाली की कित्येक तरुण नरांना शिकवायला जवळपास कोणी उरले नाही, आणि ते दुसऱ्याच जातींच्या पक्ष्यांची गाणी गाऊ लागले. हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. पिंजऱ्यात वाढवून रानात सोडायच्या पिलांना आता ध्वनिमुद्रणे ऐकवून त्यांचे मूळ गाणे शिकवण्याचा प्रयत्न चालू आहे.

आजीचाच विषय आहे, म्हणून आणखी दोन गोष्टी सांगतो. सेशेल्स बेटांवर एक छोटा वटवट्या आहे. १९६८ च्या सुमारास तो एकाच बेटावर, सुमारे २६ पक्षी एवढाच उरला होता, आणि ते बेट संरक्षणासाठी विकत घेतल्यावर तो वाचला. त्याच्यात असे आढळले की म्हातारी मादी तिची जागा तरुण मादीने घेतल्यावर पुष्कळदा तिथेच राहते आणि पुढच्या पिढीच्या पिलांना भरवू लागते, आणि ही पिले बहुधा तिची नातवंडे असतात. पक्ष्यांमध्ये अशी आजी फार क्वचित आढळते.

दुसरी गोष्ट प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावरच्या एका लेसन आल्बट्रॉस मादीची. चॅन्डलर रॉबिन्स यांनी १९५६ साली तिच्या पायात वळे घातले, तेव्हाच ती अंडे घालण्याच्या वयाची होती. २००२ साली ती त्यांच्याच हाती पुन्हा सापडली. तिला विज्डम असे नाव मिळाले, आणि २०२४ च्या अखेरीस, सत्तरी केव्हाच ओलांडलेली असताना, तिने पुन्हा अंडे घातले. हे वाचले तेव्हा मी उठून माझ्या आजीच्या छायाचित्रासमोर जाऊन उभा राहिलो होतो.

तळ्याकाठी

मला वाटते की ‘सुई’ हा लहान खंड्या आहे, आणि माझी खात्री नोंदीतल्या शब्दांच्या क्रमावरून झाली आहे. आजींनी ‘सुई, निळा दोरा’ असे न लिहिता ‘सुई. मग निळा दोरा.’ असे लिहिले आहे.

लहान खंड्या चिमणीएवढा असतो. तो पाण्यावरून अगदी खालून, सरळ रेषेत आणि अतिशय वेगाने जातो, आणि उडताना च्यीं असा एकच बारीक, उंच पट्टीचा, टोचणारा आवाज काढतो. आवाज आधी येतो, आपण मान वळवतो, आणि तेवढ्यात पाठीचा झळझळीत निळा पट्टा पाण्यावरून ओढला गेलेला दिसतो. तो बसलेला असताना पोट नारिंगी दिसते, पण उडताना त्या निळ्या रेघेखेरीज डोळ्यांत काही उरत नाही. मी वीस वर्षे तळ्याकाठी बसतो आहे, आणि त्या पाखराचे चार शब्दांत इतके अचूक वर्णन मी कुठेही वाचलेले नाही.

निरीक्षक

तळ्याकाठी, शिंजिराबद्दलचे माझे मत मी मागे घेतो. ओढा, सपाट दगड, आधी आवाज आणि मग रेघ, हे सगळे जुळते.

रानवाट

मीही शिंपी सोडून दिला. आता ओढ्यावर जाऊन भ्रमणध्वनीवर लहान खंड्याचा आवाज वाजवून पाहावा, म्हणजे तो अजून तिथे आहे की नाही ते लगेच कळेल.

पानगळ

कृपया तसे करू नये. खंड्या आपला पाण्याचा पट्टा राखणारा पक्षी आहे, प्रतिस्पर्धी आला असे समजून तो मासे पकडणे किंवा पिलांना भरवणे सोडून त्या आवाजामागे धावत राहतो. आजींनी बावीस-तेवीस वर्षे काहीही न वाजवता वाट पाहिली, आपल्यालाही ती पाहता येईल.

निरीक्षक

तो का गेला असेल, या प्रश्नाकडे वळतो. लहान खंड्या ओढ्याच्या उभ्या मातीच्या काठात बोगदा खणून त्याच्या टोकाशी अंडी घालतो, आणि तो जगतो लहान माशांवर. त्यामुळे काठ दगड-सिमेंटने बांधून काढला, मातीचा उतार सपाट केला किंवा सांडपाण्याने मासे संपले, की तो तो पट्टा सोडतो. २००३ च्या आसपास ओढ्यावर असे काही घडले होते का, हे घरातल्या मोठ्यांना विचारावे.

ओढ्याकाठची

सर्वांचे मनापासून आभार. तळ्याकाठी यांचा प्रतिसाद वाचला आणि वही मिटून थोडा वेळ तशीच बसले. ती निळी रेघ मीही लहानपणी पाहिली आहे, पण तिचा या शब्दांशी संबंध आहे हे कधीच लक्षात आले नव्हते.

आईला विचारले. तिच्या आठवणीप्रमाणे त्या काळात ओढ्यावर कसलेही बांधकाम झाले नाही, आणि काठ आजही मातीचाच आहे. मग तो का गेला?

कर्णिका

मी व्यवसायाने श्रवणतपासणी करते, त्यामुळे मला ही नोंद वेगळी दिसते. २००३ साली आजी साधारण एकाहत्तर वर्षांच्या असतील. पाखरू कदाचित कुठेच गेले नसेल.

वयाबरोबर ऐकू येणे कमी होते ते सगळीकडून सारखे होत नाही, ते सर्वांत उंच पट्टीकडून सुरू होते. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते आणि तिच्यात सूक्ष्म केसपेशींच्या रांगा असतात. नळीच्या दाराशी असलेल्या पेशी सर्वांत बारीक आवाज टिपतात आणि बहुधा त्याच आधी झिजतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. बोलण्यातले स्वर त्या मानाने खालच्या पट्टीत असतात, म्हणून माणसाला आपण कमी ऐकतो असे वाटतच नाही. फक्त स, श, फ यांसारखी व्यंजने निसटू लागतात, आणि “ऐकू येते, पण शब्द कळत नाही” अशी तक्रार सुरू होते. लहान खंड्याचा आवाज ज्या पट्टीत आहे ती पट्टी फार लवकर जाते, उलट भारद्वाजाचा घुमणारा आवाज शेवटपर्यंत साथ देतो.

आणि खंड्याच्या बाबतीत ऐकू न येणे म्हणजे न दिसणेच होते, कारण आवाज आल्यावाचून मान वळत नाही आणि मान वळेपर्यंत तो निघून गेलेला असतो.

चंद्रकोर

कर्णिकाताई, हे वाचून अंगावर काटा आला.

निरीक्षक

कर्णिका यांचे स्पष्टीकरण फार बळकट आहे, तरी ते तपासून पाहावे असे मी सुचवतो. वहीतल्या नोंदींमध्ये ‘ऐकले’ आणि ‘दिसले’ असा भेद केलेला असेल, तर बारीक आवाजाच्या इतर पक्ष्यांच्या ‘ऐकले’ नोंदी त्याच सुमारास थांबलेल्या दिसायला हव्यात आणि जाड आवाजाच्या पक्ष्यांच्या चालू राहिलेल्या दिसायला हव्यात. एवढे होऊनही खंड्या खरोखरच निघून गेला असण्याची शक्यता उरते. त्यासाठी २००३ नंतर तो तिथे दुसऱ्या कोणाला दिसला होता का, हे शोधावे लागेल.

ओढ्याकाठची

शनिवार आणि रविवार दोन्ही दिवस मी वही घेऊन बसले होते.

आजी ‘ऐ’ आणि ‘दि’ अशी अक्षरे लिहीत असे. ‘चष्म्याची कुजबुज’ २००४ च्या नोव्हेंबरपर्यंत ‘ऐ’ आहे, त्यानंतर ती एकसारखी ‘दि’ आहे, एकदाही ‘ऐ’ नाही. ‘घणवाला’, ‘चढत जाणारा’ आणि ‘विहिरीतला आवाज’ मात्र २०११ पर्यंत ‘ऐ’ म्हणून येत राहतात, आणि भारद्वाज तर शेवटच्या वर्षांत सर्वांत जास्त वेळा येतो. मला पूर्वी वाटे की म्हातारपणी तिला भारद्वाज फार आवडू लागला होता.

कर्णिकाताई, “ऐकू येते, पण शब्द कळत नाही” हे वाक्य तिच्या तोंडचे आहे. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होते, ती दर वाक्याला “काय म्हणालीस?” असे विचारी, आणि तिचे आपल्याकडे लक्षच नसते असे समजून मी उत्तर न देता निघून जात असे. हे मला इथे लिहायचे नव्हते, पण वहीबद्दल खरे लिहायचे तर हेही लिहिले पाहिजे.

निरीक्षकांनी विचारलेला पुरावाही सापडला. शेवटच्या पानावर रंगीत खडूंनी काढलेले एक चित्र चिकटवलेले आहे, निळ्या पाठीचा आणि नारिंगी पोटाचा एक पक्षी, ज्याची चोच त्याच्या अंगाहून मोठी झाली आहे. ते माझ्या धाकट्या भावाने काढले होते, तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याखाली आजीचे अक्षर आहे: ‘९ जानेवारी २००५. धाकट्याला निळा दोरा दिसला. मी शेजारीच होते. मला चुकला.’

भावाला दूरध्वनी केला. तो म्हणाला की पाखरू येण्याआधी दर वेळी च्यीं असे वाजत असे, आणि आजीलाही ते ऐकू येतच असणार असे तो धरून चालला होता.

तळ्याकाठी

ताई, आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आजींनी जूनमध्ये ‘सुई गेली’ असे लिहिले, ‘पाखरू गेले’ असे लिहिले नाही. त्यांच्या भाषेत सुई म्हणजे आवाज आणि दोरा म्हणजे पक्षी. त्यांनी लिहिलेले वाक्य शब्दशः खरे होते.

मोरपीस

नावे लावू नयेत असे मी वर म्हटले होते, ते मी मागे घेते. नाव लागले नसते तर हे कधीच उलगडले नसते.

कर्णिका

तळ्याकाठी यांच्या निरीक्षणावरून एक विचारावेसे वाटते. त्या जानेवारीच्या दिवशी आजींना निदान शंका आली असणार, कारण शेजारी बसलेल्या नातवाने जे ऐकून मान वळवली ते आपल्याला ऐकू आले नाही, हे त्यांच्यासारख्या बाईच्या नजरेतून सुटले नसते. २००५ नंतरच्या नोंदींत काही बदल दिसतो का?

जाता जाता, पक्ष्यांचे कान असे थकत नाहीत. त्यांच्या आतल्या कानातल्या केसपेशी नष्ट झाल्या तरी पुन्हा उगवतात, हे १९८८ साली दोन संशोधकगटांनी स्वतंत्रपणे दाखवले. माणसाच्या कानात तसे घडवता येईल का, याचा शोध तेव्हापासून चालू आहे.

ओढ्याकाठची

बदल आहे, आणि तो इतके दिवस माझ्या डोळ्यांसमोर होता.

फेब्रुवारी २००५ पासून काही नोंदींपुढे ‘ऐ’ किंवा ‘दि’ याऐवजी ‘धा’ असे अक्षर येते. पाखरू ‘धावते’ असा काहीतरी त्याचा अर्थ असेल, असे समजून मी ते सोडून दिले होते. आता त्या सगळ्या नोंदी एकत्र काढल्या. ‘कुजबुज. धा.’ ‘दोरा. धा.’ सगळी बारीक आवाजाची पाखरे आहेत, आणि सगळ्या नोंदी शनिवार-रविवारच्या किंवा सुटीच्या दिवसांतल्या आहेत, म्हणजे भाऊ तिच्याकडे असे तेव्हाच्या. ‘दोरा. धा.’ सतरा वेळा आहे, आणि त्यांतल्या अकरा ठिकाणी पुढे ‘मीही’ असा शब्द आहे.

भावाला पुन्हा विचारले. त्याला वही ठाऊक नव्हती. त्याला एवढेच आठवते की आजी त्याला दगडावर आपल्या उजव्या बाजूला बसवी आणि सांगे, “वाजले की माझ्या गुडघ्यावर हात ठेव.” तो त्याला एक खेळ वाटत असे. हात पडताच ती मान वळवी.

चंद्रकोर

अकरा वेळा! आजींना तो दोरा अकरा वेळा पुन्हा दिसला.

पिंपळपान

मी इथे केवळ वाचक आहे, प्रथमच लिहीत आहे. माझे वय अडुसष्ट आहे. गेली दोन-तीन वर्षे मी सगळ्यांना सांगत होतो की आमच्या परिसरातले चष्मेवाले आणि शिंजीर संपत चालले आहेत. हा धागा वाचून परवा नातीला घेऊन बागेत गेलो आणि तिला काय काय ऐकू येते ते विचारले. तिने पाच मिनिटांत तीन ठिकाणी बोट दाखवले, मी दुर्बिणीतून पाहिले, आणि तिन्ही ठिकाणी पाखरे होती. मला त्यांतले एकही ऐकू आलेले नव्हते. पाखरे खरोखर कमी झालेली अनेक ठिकाणे आहेत हे मी जाणतो, पण माझ्या बागेपुरता मी चुकीची बातमी पसरवत होतो. येत्या आठवड्यात कानांची तपासणी करून घेणार आहे.

एक अडचण आहे. मी माझ्या नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकतो. जी पाखरे नातीने ऐकली आणि मी नंतर पाहिली, ती माझ्या नावावर कशी लिहावीत?

निरीक्षक

काका, त्या संकेतस्थळावर प्रत्येक यादीबरोबर निरीक्षकांची संख्या विचारली जाते. तिथे दोन असे लिहावे आणि शेऱ्यात नातीने आवाज ओळखल्याचे नमूद करावे, म्हणजे नोंद पूर्णपणे प्रामाणिक राहते. ओढ्याकाठची, तुमच्या आजींच्या ज्या नोंदींची तारीख, ठिकाण आणि ओळख पक्की आहे त्याही तिथे भरता येतील, कारण जुन्या तारखांच्या याद्याही स्वीकारल्या जातात. १९८९ ते २००२ या काळातल्या एका ओढ्यावरच्या लहान खंड्याच्या इतक्या सलग नोंदी सहसा मिळत नाहीत.

ओढ्याकाठची

भाऊ आणि मी काल पहाटे ओढ्यावर गेलो होतो. पहिला तासभर फक्त सातभाईंचा गलका आणि दूर कुठेतरी तांबट. मग माझ्या गुडघ्यावर हात पडला. मलाही ऐकू आले होते, पण मी त्याला तसे सांगितले नाही.

नोंदी भरायला आज सुरुवात केली. ‘सुई’ आणि ‘दोरा’ ही नावे शेऱ्यात ठेवली आहेत. ९ जानेवारी २००५ च्या यादीत लहान खंड्या एक, निरीक्षक दोन असे लिहिले आहे.